टेस्टला काढलेला आवाज चार तास पुरवावा लागतो

माझ्या पहिल्या डेमोमध्ये, म्हणजे काम मागताना ऐकवायच्या नमुना रेकॉर्डिंगमध्ये, नऊ आवाज होते. म्हातारा, म्हातारी, तोतरा पोरगा, दारुडा, बेडूक, राक्षस, एक बाबा-महाराज, गावचा सरपंच आणि शेवटी मी. दोन मिनिटं दहा सेकंदांचा तो डेमो ऐकून मित्र गडाबडा लोळले होते. आता कधी लावला की मला त्यात फक्त हिशेब दिसतो. सहा आवाज घसा आवळून काढलेले, दोन दुसऱ्या कुणाच्या तरी नकला, आणि जो एक माझा होता तो सहा सेकंद, तोही सगळ्यात शेवटी, जिथपर्यंत कुठलाच डबिंग डायरेक्टर ऐकत नाही.

कॉमेडी शो आणि डबिंग मिळून मला या धंद्यात चौदा वर्षं झाली. नाव सांगितलं तर तुम्हाला कळणार नाही. नऊवारीतला फोटो दाखवला तर मात्र म्हणाल, 'अरे, ही ती मावशी!' एवढीच माझी प्रसिद्धी. तिच्यावर घरभाडं निघतं. बहुतेक महिन्यांत.

नवीन मुलं-मुली विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात. फोटो कुणाकडून काढायचे, आरामनगरला सध्या कुठे ऑडिशन चालू आहे, सिंटाचं (सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचं) कार्ड कधी काढायचं. ही माहिती तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्याआधी पोचते, त्यामुळे ती मी सांगत बसत नाही. मी लिहायला बसलो ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी: टेस्टला गंमत म्हणून काढलेला आवाज पुढे घसा न फाडता टिकवायचा कसा. ती मला कुणी सांगितली नाही आणि तिच्यापायी माझी जवळजवळ दोन वर्षं गेली. पण तिथे यायला थोडं मागून यावं लागेल.

मी कुडाळकडचा. आमच्याकडे जत्रा म्हणजे दशावतार. रात्री उशिरा उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. कथानक ठरलेलं, संवाद मात्र तिथल्या तिथे. माझा चुलता स्त्रीपार्टी करायचा. दिवसा शेतात राबणारा राकट हातांचा माणूस रात्री द्रौपदी होऊन बोलायला लागला की समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. लहानपणी मी त्याची नक्कल करायचो. नक्कल म्हणजे काय, तर आवाज वर चढवून किंचाळायचं. एकदा तो ओसरीवर बसून बघत होता. म्हणाला, 'ह्यो आवाज भाड्याचो वाटता रे, झिला. तुझो खंय आसा?' सगळे हसले. मीही हसलो आणि पुन्हा किंचाळायला लागलो.

मुंबईत कॉलेजला आलो, एकांकिका केल्या. आयएनटीची स्पर्धा झाली, 25 जानेवारीची सवाई एकांकिका स्पर्धेची रात्र प्रेक्षकांत बसून जागवली. माझ्या वाट्याला कायम विनोदी नोकर. आमच्याच ग्रुपमधला एक जण पुढे टीव्हीसाठी स्किट लिहायला लागला, त्याने मला ओढलं. धंद्यात आलेल्या दहातल्या आठ जणांची गोष्ट अशीच असते, कुणीतरी ओढतं. म्हणून सांगतो, एकांकिकेतल्या लेखकाशी भांडू नका. डायरेक्टरशी भांडलात तरी चालेल.

आता टायमिंग. तुम्ही विनोदी नट असाल तर हा शब्द तुम्हाला शंभर लोकांनी ऐकवला असेल, आणि ती जणू एकच गोष्ट आहे असं धरून ऐकवला असेल. प्रत्यक्षात रंगमंच, टीव्ही आणि डबिंग यांची घड्याळं तीन आहेत. नाटकात वाक्य टाकलं, हशा उठला, तो विरायला लागला की पुढचं वाक्य. पूर्ण विरू द्यायचा नाही, हे अंगात मुरतं. टीव्हीवर स्किट करताना समोर प्रेक्षक असले तरी ते सकाळपासून बसलेले असतात. त्यांना भूक लागलेली असते आणि तुमचा तोच पंच तिसऱ्यांदा टेक होत असतो. घरात बसलेल्याला जो हशा ऐकू येतो तो एडिटच्या टेबलावर ठरतो. म्हणून टीव्हीत पॉज धरायचा तो कटसाठी. पंच टाकला की एक श्वासभर मान, डोळे, हात, काही हलवायचं नाही. तुम्ही हललात तर एडिटरला तुमच्या शॉटवर थांबायला जागा उरत नाही, मग तो समोरच्याचा चेहरा लावतो. पहिल्या सहा महिन्यांतले माझे निम्मे पंच असे दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर जाऊन पडले. मी मात्र सिनियर लोकांचं राजकारण आहे म्हणून जळफळत होतो.

आणि डबिंगमध्ये तर पॉजही तुमचा नसतो. पडद्यावरच्या माणसाने तेलुगूत किंवा इंग्रजीत जोक मारून टाकलेला असतो. त्याचं तोंड कधी उघडलं, कधी मिटलं, हे आधीच झालेलं आहे. तुम्ही एका कानात मूळ आवाज ऐकत, डोळ्यांनी त्याचे ओठ बघत, स्टँडवरची हिंदी ओळ त्यात बसवायची. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटले आणि तुमच्या ओळीत तिथे 'नहीं' असेल, तर कितीही छान म्हणा, खोटं दिसतं. तिथे 'बिलकुल' किंवा 'मत' असं काहीतरी शोधावं लागतं, आणि ते सुचवणारा नट डायरेक्टरला आवडतो. पूर्वी सगळे कलाकार एकत्र उभं राहून डब करायचे, म्हणजे समोरच्याकडून निदान उसनं काही घेता यायचं. आता तुम्ही एकटे. समोरच्या पात्राचा हिंदी आवाज बऱ्याचदा पुढच्या आठवड्यात येणार असतो, तुम्ही हवेशी भांडायचं. विनोदी नटाची जी एकमेव कमाई, वेळ, ती या बूथच्या दाराशी चपलांसोबत काढून ठेवायची.

मग हातात राहतं काय? इथे मी फसलो. वेळ आपली नाही म्हटल्यावर मला वाटलं, हसू आता आवाजातूनच काढायचं. म्हणजे आवाज विचित्र करायचा.

एका परदेशी कार्टून मालिकेच्या डबिंगची टेस्ट, म्हणजे आवाजाची ऑडिशन, होती. खारीसारखा दिसणारा एक आगाऊ प्राणी. मी जिभेचा मागचा भाग उचलला, घसा आवळला आणि त्याला फाटका, किरकिरा, वरच्या पट्टीतला आवाज दिला. तीन ओळी, चाळीस सेकंद. काचेपलीकडच्या चौघांनी हसून टेबलावर डोकं टेकलं. दोन दिवसांत होकार आला. 52 भाग, प्रत्येकी अकरा मिनिटं. मी घरी फोन करून सांगितलं, आईने देवाला नारळ ठेवला.

आता सावकाश वाचा. टेस्ट होती चाळीस सेकंदांची. पहिलं सेशन चार तासांचं. त्यात त्या खारीच्या सव्वाशे ओळी. एका ओळीचे सरासरी तीन टेक धरा, म्हणजे पावणेचारशे वेळा तो घसा आवळायचा. आणि हे फक्त बोलण्याचं झालं. शिवाय रिॲक्शन. धापा, उचकी, गिळणं, शॉक बसणं, दार डोक्यावर आपटणं, कड्यावरून पडताना लांबत लांबत जाणारी किंकाळी. कार्टूनमधलं जनावर एका भागात जितकं आपटतं तितका माणूस जन्मात आपटत नाही. स्क्रिप्टमध्ये या सगळ्याला एक शब्द असतो, 'रिॲक्शन', आणि ओळी मोजताना तो कुणी धरत नाही. मीही धरला नव्हता. टेस्टमध्ये रिॲक्शन करून घेतच नाहीत बऱ्याचदा! तीन गोड ओळी घेतात. किंकाळ्या नंतर.

दुसरा तास संपता संपता माझा आवाज खाली घसरला. मला कळलं नाही, रेकॉर्डिस्टला कळलं. त्याने टॉकबॅकवरून सकाळची पहिली ओळ लावली, मग आत्ताची. 'भाई, ये वो नहीं है.' मी काय केलं असेल? आणखी आवळला. त्या दिवशी पुरला. पुढच्या सेशनला बूथमध्ये उभा राहिलो तर तो आवाज सापडेना. चाळीस सेकंदांत गंमत म्हणून काढलेली गोष्ट, ती कशी काढली होती हेच मला माहीत नव्हतं. जीभ कुठे होती, जबडा किती उघडा होता, कुणाची आठवण डोक्यात होती, काही नाही. सकाळची वीस मिनिटं मी स्वतःचीच नक्कल करत होतो आणि ती जमत नव्हती.

त्याच महिन्यात टीव्हीवर माझी मावशी चालायला लागली. लेखकाने एका स्किटपुरती साडी नेसवली होती, लोकांना आवडली, मग दर आठवड्याला नेसवली. मावशीचा आवाजही अर्थात वरचा, किंचाळणारा. सोमवार-मंगळवार मीरा रोडच्या सेटवर मावशी, बुधवारी अंधेरीत खार, गुरुवारी पुन्हा रिहर्सल. आयुष्यात पहिल्यांदा कॅलेंडर भरलं होतं. थांबवणार कोण?

पहिली खूण कुठली ते नीट लक्षात ठेवा. दुखणं ही पहिली खूण नव्हे. ज्या वरच्या सुरात तुम्ही हळुवार गुणगुणू शकत होता, तिथे हळू आवाजात सूर लागेनासा होतो, फक्त हवा येते. ओरडलात की लागतो. म्हणजे जोर लावला की काम होतं, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं ठीक आहे. मला तसंच वाटलं. मी त्याला सर्दी म्हणालो. ज्येष्ठमध चघळलं, हळद-दूध प्यालो, घसा बधिर करणाऱ्या गोळ्या खाल्ल्या. त्या गोळ्यांचा तोटा असा की दुखणं कळत नाही, म्हणून आपण आणखी जोर लावतो. आणि सगळ्यात मोठा मूर्खपणा म्हणजे सेशनसाठी आवाज राखून ठेवायचा म्हणून दिवसभर कुजबुजत बोललो. कुजबुजण्याने घशाला विश्रांती मिळत नाही, उलट बहुतेकांचा ताण वाढतो. गप्प बसणं म्हणजे गप्प बसणं.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर गाठी, तांदळाच्या कणीसारख्या. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात, तसेच. मी विचारलं, ऑपरेशन? म्हणाल्या, आधी गप्प बसा, मग बोलायला शिका. मी म्हटलं, मॅडम, मी बोलण्याचेच पैसे घेतो. त्या हसल्या नाहीत.

स्टुडिओला मी खरं सांगितलं नाही. ताप आहे म्हणालो, मग आजी वारली म्हणालो. (आजी अजून आहे, नव्वदीची, तिला हे माहीत नाही.) अठरा भाग झाले होते. एकोणिसाव्यापासून खार दुसऱ्या मुलाने केली, आणि आवाज सलग असावा म्हणून आधीचे अठराही त्याच्याकडून पुन्हा करून घेतले. माझं बिल 'ॲडजस्ट' झालं. कागद नव्हता, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. खरं तर तेव्हा आवाजही नव्हता.

घाबरलात ना? थोडं घाबरायलाच हवं. पण हेही सांगतो, अशा गाठी वेळेत सापडल्या तर बहुतेकदा स्पीच थेरपीने आटोक्यात येतात, सुरी लावावी लागत नाही. माझ्या आल्या. अकरा आठवडे लागले. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून त्यातून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे, ओठ फुरफुरवायचे, बंद तोंडाने गुणगुणायचं. चाळीतली पोरं खिडकीतून बघायची. आजही प्रत्येक सेशनआधी दहा मिनिटं तेच करतो. स्टुडिओच्या जिन्यात उभा राहून बुडबुडे काढणारा काका दिसला तर तो मी.

त्याच काळात गावी गेलो, दहीकाल्याचे, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा-दशावताराचे दिवस होते. चुलता आता रंगभूमीवर चढत नाही, कट्ट्यावर बसून बघतो. मी लिहून विचारलं, रात्रभर कसा टिकायचा आवाज? तो वाचून म्हणाला, 'आवाज कित्याक व्हयो? ती थांबता खंय, ता बघ.' म्हणजे आवाज कशाला हवा, ती बाई कुठे थांबते ते बघ. मग रात्रभर मी समोरच्या स्त्रीपार्टीकडे नुसता कान देऊन बसलो. त्याचा आवाज त्याच्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा फार वर नव्हताच. बाई होती ती वाक्य कुठे अर्धवट सोडायचं यात, उत्तर देण्याआधी घेतलेल्या श्वासात. पहाटे चारलाही तो तितकाच ताजा. माझी मावशी तीन मिनिटांत दमायची.

शोमध्ये परत गेलो तेव्हा किंचाळायची परवानगी नव्हती. मावशी माझ्याच आवाजात केली, फक्त समोरच्याचं वाक्य संपायच्या आत 'होय होय, माका ठाऊक आसा' असं तोडत बोलणारी. पहिल्या रिहर्सलला लेखक म्हणाला, मजा गेली. शूटिंगला नेहमीपेक्षा जास्त हसले. मावशीचं नाव त्यानंतर झालं. यात माझी अक्कल शून्य, गाठींची मेहरबानी.

तर टेस्टला जाण्याआधी एवढं करा. जो आवाज देणार आहात त्यात घरी वर्तमानपत्राचं अख्खं पान मोठ्याने वाचा, वीस मिनिटं. मग त्याच आवाजात हसा. मग रडा, ओरडा, खोका, कुणाला तरी हळूच हाक मारा. हसून बघणं सगळ्यात महत्त्वाचं. ज्या आवाजात हसता येत नाही तो आवाज पात्राचा नाही, ती एक करामत आहे, रिंगटोनला ठेवा. आणि काम मिळालं की त्याच दिवशी फोनवर तो आवाज रेकॉर्ड करा, आधी स्वतःच्या आवाजात सांगा की तो कसा काढलाय: 'जबडा पुढे, नाकातून थोडा, बाजारातल्या अमुक मामासारखा.' माझ्या फोनमध्ये असे एकेचाळीस आवाज आहेत. सहा महिन्यांनी मालिकेचा दुसरा सीझन येतो तेव्हा ही पेटी उघडावी लागते.

'झपाटलेला'मधला तात्या विंचू घ्या, 1993 चा. रामदास पाध्यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज. त्या बाहुल्याचा नुसता घोगरेपणा उचलून नक्कल करणारे गल्लोगल्ली आहेत. घोगरेपणाने दोन ओळी निघतात. सिनेमाभर पुरतो तो त्याचा स्वभाव, ती खुनशी घाई. हे मला आधी ऐकू यायचं नाही. आता दुसरं काही ऐकू येत नाही.

मिमिक्रीबद्दल माझं मत कडू आहे, मिमिक्रीवाल्या मित्रांनी राग धरू नये. धरला तरी चालेल. चार नटांचे आवाज काढता येतात म्हणून डबिंगला आलेली मुलं पहिल्या वर्षी चमकतात आणि तिसऱ्या वर्षी त्यांना स्वतःचा आवाज सापडत नाही. मिमिक्री आणि डबिंग दोन्हींत नाव असलेल्या चेतन सशीतल यांचं उदाहरण मला लगेच दिलं जातं. त्यांचा कान आणि त्यामागची मेहनत बघा आणि मग बोला.

हिंदीचं मात्र खरंच मनावर घ्या. मराठी कॉमेडीत आपला हेल हे भांडवल असतं, हिंदी डबिंगमध्ये तोच हेल पाच मिनिटांत बाहेर काढतो. आपल्याकडे 'च' आणि 'ज' दोन-दोन आहेत. 'चमचा' म्हणताना आपली जीभ दातांकडे जाते, हिंदीत ती टाळूला लागते. 'ज्ञान' आपण 'द्न्यान' म्हणतो, ते 'ग्यान' म्हणतात. आपला 'कृपया' 'क्रु', त्यांचा 'क्रि'. आणि 'है', 'मैं', 'और'! आपण 'ऐ' म्हणजे 'अइ' म्हणतो, त्यांचं तोंड रुंद उघडतं. माझा पहिला क्राउड आठवतो. आठ जण एका माइकभोवती उभे, दंगलीचा सीन, मी मागून ओरडलो 'मारो, भागो, पोलीस आई हइ'. डायरेक्टरने थांबवलं, 'दंगा महाराष्ट्र में नहीं है, भैया.' पाचशे रुपये मिळाले, तीन महिन्यांनी. पण धीर सोडू नका, हिंदी डबिंगमध्ये मराठी घसे भरपूर आहेत. मेघना एरंडे यांचा निंजा हातोडी हिंदी घरांतली पोरं ऐकत मोठी झाली. 'पुष्पा'च्या हिंदीत 2021 साली अल्लू अर्जुनला आवाज दिला तो श्रेयस तळपदेने, ज्याला आपण विनोदी भूमिकांसाठी ओळखतो. 'बाहुबली'तल्या प्रभासच्या हिंदी आवाजामागे शरद केळकर. ते ग्वाल्हेरचे, त्यांची हिंदी घरचीच, पण आपण लहानपणी अडखळत बोलायचो हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. तोतरं बोलणाऱ्या पोराची नक्कल माझ्या डेमोत होती, म्हणून मला हे जरा जास्तच लागतं.

पैशांचं थोडक्यात. नव्वद दिवसांनी पैसे येणार हे धरूनच चाला, आणि नव्वद हा चांगला आकडा समजा. दहा टक्के टीडीएस कापतात, तो खरंच भरलाय का ते आयकर खात्याच्या साइटवरच्या तुमच्या कर-पत्रकात बघा आणि रिटर्न भरून परत मागा. मी पाच वर्षं मागितला नव्हता. काम मिळवून देणारा को-ऑर्डिनेटर आपला टक्का घेतो, तो घेणारच, फक्त किती ते आधी ठरवा. आणि काम देण्यासाठी कुणी तुमच्याकडून पैसे मागितले तर चहा संपवून उठा.

गुरूंबद्दल. 'आवाजात खर्ज आण' असं पहिल्या दिवशी सांगणाऱ्या माणसापासून लांब राहा. वीस वर्षांच्या पोराला खर्ज लावायला लावणं म्हणजे मीच घसा आवळला तेच, फक्त खालच्या दिशेने. दोन दिवसांच्या कार्यशाळेत शेवटी डेमो बनवून देतात, तोही माझ्या मते घेऊ नये. वीस जणांचे डेमो एकाच पार्श्वसंगीतावर ऐकून स्टुडिओवाले ओळखतात, कुठल्या बॅचचे आहात ते. त्यापेक्षा आकाशवाणीच्या नाट्यविभागाची ऑडिशन निघेल तेव्हा द्या. मानधनातून फार काही हाती लागत नाही. पण माइकपासून किती दूर उभं राहायचं, पान उलटताना आवाज कसा करायचा नाही, हे तिथे शिकलेला माणूस बूथमध्ये वेगळा उठून दिसतो. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी होते, नीलम प्रभूंच्या मीना वहिनी होत्या. ना चेहरा, ना साडी, आणि घरोघरी लोक वेळ लावून ऐकायचे. माझे वडील अजून कुणी आगाऊपणा केला की 'आला टेकाडे भावजी' म्हणतात. बूथमध्ये माझा खरा गुरू कोण होता म्हणाल तर तो रेकॉर्डिस्ट, 'भाई, ये वो नहीं है' वाला. त्याला चहा पाजा. तुमचं खरं त्यालाच ऐकू येतं.

कपडे सुती घाला, कडक इस्त्रीचे नकोत, बांगड्या-घड्याळ बाहेर. उपाशी जाऊ नका, माइक पोटातली गुडगुड पकडतो. तोंडात चिकचिक वाजत असेल तर हिरवं सफरचंद खा, खरंच फरक पडतो. हे कुणीही सांगेल.

एक नवी गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. हल्ली जो कागद सहीला देतात त्यात एखादं वाक्य असं असतं की रेकॉर्डिंग कुठल्याही तंत्रज्ञानासाठी, कायमचं वापरता येईल. म्हणजे तुमच्या आवाजावरून मशीन तयार करून पुढचे शंभर भाग तुमच्याशिवाय करता येतील. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अरिजित सिंगच्या प्रकरणात असं म्हटलं की परवानगीशिवाय एआयने त्याचा आवाज तयार करणं हे त्याच्या हक्कांवर अतिक्रमण आहे. जॅकी श्रॉफ तर त्याच वर्षी दिल्लीत आपल्या 'भिडू' या शब्दासकट कोर्टात गेला होता. पण ते दोघे मोठे, आणि त्यांनी परवानगी दिलेली नव्हती. तुम्ही सही केलीत म्हणजे दिलीत. मी आता त्या ओळीवर पेनाने रेघ मारतो आणि बाजूला सही करतो. दोन ठिकाणी चाललं. एका ठिकाणी 'मग राहू दे' म्हणाले. नवीन असताना मी रेघ मारली असती का? नसती. तुम्हाला सांगताना मला लाज वाटते, पण नसती. किमान वाचून तरी सही करा.

गेल्या महिन्यात एका मालिकेची टेस्ट होती, म्हातारी मगर. मी घरून वीस मिनिटं पान वाचून गेलो होतो. माझाच आवाज, थोडा जड, प्रत्येक वाक्याआधी दात चाचपून बघणारी, कारण तिचे बरेचसे पडलेत. काचेपलीकडे एक नवी मुलगी डायरेक्टर होती. म्हणाली, 'सर, छान आहे, पण अजून फनी करा ना. थोडा चिरका?' मी तसा करून दाखवला, दोन ओळी, आणि सांगितलं की हा मला 26 भाग पुरणार नाही, तुम्हालाच मध्यात दुसरा माणूस शोधावा लागेल. ती हसली, म्हणाली, 'कळवते.'

मगर दुसऱ्या कुणाला तरी गेली. काल त्याच स्टुडिओतून फोन होता, सोमवारी अकरा वाजता क्राउड आहे, येता का. लग्नाचा सीन आहे, वऱ्हाडी हवेत. हो म्हटलंय.